शेवटचं विमान परतलं, सुदान पानावरून गेलं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतल्या सुदान देशाच्या दारफुर भागातलं अल फाशर शहर २६ ऑक्टोबर २०२५ रोजी आरएसएफ या निमलष्करी दलाच्या हाती पडलं. त्याआधी जवळपास दीड वर्ष शहराला वेढा होता. आत अडकलेली माणसं शेवटी शेवटी शेंगदाण्याची पेंड खाऊन दिवस काढत होती. आपण म्हशीपुढे टाकतो तीच पेंड. शहर पडल्यावर तिथल्या सौदी प्रसूतिगृहात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मिळून ४६०हून जास्त लोक मारले गेल्याचं वृत्त जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. आपल्या दैनिकात हे सगळं आलं ते आतल्या पानावर, अगदी तळाला, एका कॉलमात. त्याच्या डोक्यावर चार कॉलम घेऊन पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या चोरीचे संशयित पकडल्याची बातमी बसली होती, फोटोसकट.

लूव्रची बातमी छापू नका, असं माझं म्हणणं नाही. दिवसाढवळ्या, सामान चढवायच्या यांत्रिक शिडीवरून आत शिरून सात-आठ मिनिटांत राजघराण्याचे दागिने लांबवले, ही बातमी कोण वाचणार नाही? मीही चवीने वाचली. माझी तक्रार त्या एका पानाची नाहीच, ती त्याआधीच्या अडीच वर्षांची आहे.

१५ एप्रिल २०२३ला राजधानी खार्टुममध्ये लष्करप्रमुख बुऱ्हान आणि आरएसएफचा प्रमुख हेमेदती यांच्यात लढाई पेटली. २४ एप्रिलला आपल्या सरकारने तिथल्या भारतीयांना बाहेर काढायला ‘ऑपरेशन कावेरी’ सुरू केलं आणि सुदान पहिल्या पानावर आलं. पोर्ट सुदानहून जेद्दाला माणसं नेणारी नौदलाची ‘आयएनएस सुमेधा’, खार्टुमजवळच्या वाडी सय्यिदनाच्या खराब धावपट्टीवर रात्रीच्या अंधारात उतरलेलं हवाई दलाचं सी-१३० विमान, असं सगळं आपण तपशिलाने छापलं, आणि चांगलं छापलं. कर्नाटकात निवडणूक तोंडावर होती. तिथून सुदानात जडीबुटी विकायला गेलेले हक्की-पिक्की जमातीचे लोक अडकले, त्यावरून सिद्धरामय्या आणि जयशंकर यांची ट्विटरवर जुंपली, तीही मोठी बातमी झाली. ५ मेला मोहीम संपली. ३,८६२ माणसं बाहेर काढली होती. आणि दुसऱ्या दिवसापासून सुदान गायब! युद्ध तेव्हा कुठे तीन आठवड्यांचं झालं होतं.

पुढे तिथे एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून परागंदा झाली. ऑगस्ट २०२४मध्ये अल फाशरजवळच्या झमझमच्या निर्वासित छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. फक्त आपला पेपर वाचणाऱ्या माणसाला हे युद्ध संपलं की चालू आहे, एवढंही कळायला मार्ग नव्हता. मग नोव्हेंबर २०२५मध्ये सुदान एकदम परत आलं, कारण ओडिशातल्या एका कामगाराला आरएसएफने पळवलं होतं. त्या चित्रफितीत एक बंदूकधारी त्याला विचारतो, शाहरुख खान माहीत आहे का? मथळ्यात शाहरुख होता. शहर कुठलं, ते कसं पडलं, लढतंय कोण आणि कशासाठी, हे बातमीत शोधावं लागत होतं.

म्हणजे परदेशातली घटना आपल्या पानावर यायला दोनच दारं आहेत. एक, तिच्यात आपला माणूस सापडला पाहिजे. दोन, ती लंडन-न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्थांनी मोठी मानलेली असली पाहिजे. पहिल्या दाराबद्दल मी फार कुरकुर करणार नाही. पोरगा परदेशी अडकलाय म्हटल्यावर आई-बापाला त्याचीच बातमी हवी, आणि ती द्यायलाच हवी. दुसऱ्या दाराचं मात्र बघा. भारतीय वर्तमानपत्रांचे आफ्रिकेत कायमचे वार्ताहर जवळपास नाहीतच. संध्याकाळी डेस्कवर वृत्तसंस्थांची जी कॉपी, म्हणजे तयार मजकूर, येते, तिच्यातून उपसंपादक पान लावतो. कॉपी कुणी पाठवायची आणि किती पाठवायची हे आधीच दुसरीकडे ठरलेलं असतं. आपण निवडतो ते त्यांनी निवडलेल्यातून.

ही काही माझी शोधपत्रकारिता नव्हे. गाल्टुंग आणि रूगे या नॉर्वेच्या दोघा अभ्यासकांनी १९६५ सालीच काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेतल्याच चार वर्तमानपत्रांतून तपासल्या आणि कोणती घटना बातमी होते याचे आडाखे मांडले. बडा देश, बडी माणसं आणि काहीतरी वाईट असेल तर घटना लवकर बातमी होते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, ते मला जास्त पटतं. रोजच्या पेपरला रोजच्या मापाची घटना लागते. स्फोट झाला, विमान पडलं, निकाल लागला, की एका दिवसात बातमी पुरी. वेढा असा एका दिवसात होत नाही. अल फाशरमध्ये काल भाकरी नव्हती आणि आजही नाही, मग आज नवीन काय, असं डेस्कवरचा माणूस विचारणारच. अशी पाचशे दिवस भाकरी नव्हती.

याची किंमत नुसत्या अज्ञानाने चुकती होत नाही. आयझेन्सी आणि स्ट्रॉमबर्ग या दोन अर्थतज्ज्ञांनी २००७ साली सुमारे पाच हजार नैसर्गिक आपत्तींचा हिशेब मांडून दाखवलं, की आपत्ती ऑलिंपिकच्या दिवसांत आली तर अमेरिकी टीव्हीवर तिला जागा कमी मिळते आणि अमेरिकी सरकारची मदत मिळण्याची शक्यताही घटते. युरोपातल्या आपत्तीएवढं लक्ष वेधायला आफ्रिकेतल्या आपत्तीत ४५ पट माणसं मरावी लागतात, हा आकडाही त्यांचाच.

आपण म्हणाल, तिथे जाऊन बातमी आणायची कुणी? हे मान्य. अल फाशर पडलं त्याच दिवशी तिथून बातम्या देत राहिलेल्या एका स्थानिक पत्रकाराला आरएसएफने धरलं. फोन-इंटरनेट बंद. तरीही अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जमिनीवरचे रक्ताचे डाग आणि प्रेतांसारखे दिसणारे पुंजके दाखवले, आणि ते सर्वांना उपलब्ध होतं. वाचकाला असलं वाचायला आवडत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. २०२४च्या द्राक्ष हंगामात आमच्या दिंडोरी-निफाडकडे तांबड्या समुद्राच्या तोंडावरच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीचं नाव पॅकहाऊसच्या हमालापासून सगळ्यांच्या तोंडी होतं. येमेनचे हूथी बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करत होते, म्हणून न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून चालले होते. दहा-पंधरा दिवस वाढले, भाडं वाढलं. थॉमसन जातीची द्राक्षं पनेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत, भरताना जो तो एकच विचारायचा, एवढे दिवस देठ हिरवं राहील का? तेव्हा आपल्या जिल्हा पानावर ‘द्राक्ष निर्यातीला फटका’ होतं आणि परदेश पानावर क्षेपणास्त्रांचे फोटो होते. एकाच पेपरातल्या या दोन पानांची गाठ कुणी घालून दिली नाही. हे हूथी कोण, त्यांना हल्ले का करायचेत, हे कधी थांबणार, हे आम्हाला शिपिंग एजंटाच्या व्हॉट्सॲपवरून कळत होतं, आणि तोही बिचारा अर्धवटच सांगायचा.

त्याच समुद्राच्या काठावर पोर्ट सुदान आहे. ‘दोन जनरलांचं भांडण’ एवढ्या तीन शब्दांत हे युद्ध आपल्याकडे गुंडाळलं गेलं. पण सुदानचं सोनं मोठ्या प्रमाणावर दुबईच्या बाजारात जातं. आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर होतो, आणि अमिराती तो आरोप नाकारते. दुबईच्या सोन्याचा भाव आपण न चुकता छापता, म्हणून हे लिहिलं. आणखी एक गंमत सांगतो. ऑफसेट छपाईत प्लेटवर फिरवतात तो गम म्हणजे मुळात बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, आणि जगातला त्यातला निम्म्याहून बराच जास्त एकट्या सुदानातून येतो. आपल्या छापखान्यातला कुठून येतो, ते आपल्या माणसांना विचारून बघा.

वार्ताहर खार्टुमला पाठवा, असं मी म्हणत नाही. आपली जमा-खर्चाची अडचण मला कळते. आठवड्यातून एकदा पाव पान द्या. त्यात एकच देश घ्या, ठळक नकाशा द्या, मागच्या वेळेपासून आतापर्यंत काय झालं ते चार परिच्छेदांत लिहा, आणि भारतीय परत आले म्हणून तो देश सोडून देऊ नका. परदेशी बातमीचा स्थानिक बाजाराशी संबंध असेल तर दोन्ही पानांवर एकमेकांचा पानक्रमांक टाका, त्याला तर कागदही जास्त लागत नाही. जागेचाच प्रश्न असेल, तर रविवारी राशिभविष्य दोन ठिकाणी छापलं जातं. त्यातलं एक काढलं तरी भागेल.

कळावे,
आपला एक वर्गणीदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक