कांद्याची चाळ माझ्या लग्नासाठी उघडू नका

सिडको, नाशिक
रविवार, रात्री उशिरा

तीर्थरूप आई-अण्णांना साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, पण अण्णा दोन मिनिटांत 'घे, आईशी बोल' म्हणतात आणि आई, तू जेवलीस का, एवढंच विचारून घेतेस. बोलायचं ते राहूनच जातं. उद्या ताई गावाकडे येतेय, तिच्याजवळ हे पत्र देते. तिलाच वाचून दाखवायला सांगा. अण्णा, तुमच्या चष्म्याचा नंबर अजून बदलून घेतलेला नाही, मला माहीत आहे.

पितृपक्ष लागायच्या आत आपल्याकडचा बस्ता बांधून झाला. सकाळी रविवार कारंजाला चांदीच्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि दिवसभर मेन रोडला दुकानात बसलो. आई, तू असायला हवी होतीस. साडीचा पोत बोटांनी चोळून बघायची तुझी सवय ताईत उतरली आहे. दुकानदार गाठोड्यावर गाठोडं सोडत होता आणि ती एकेक बाजूला सारत होती. तू लिहून दिलेल्या यादीत आहेराच्या बेचाळीस साड्या होत्या. आम्ही अकराच घेतल्या. आत्या, दोघी मावश्या, मामी, विहीणबाई आणि हळदीला खरोखर राबणाऱ्या घरच्या बायका. बाकीच्या साड्या कुणी नेसत नाही गं आई. कपाटात पडतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातावर जातात. भावकीत बोलतील, याची तुला धास्ती वाटेल. कुणी विचारलंच तर धाकटीने ऐकलं नाही म्हणून सांग. ते खरंच आहे.

पैठणीसाठी मात्र मी हात आखडता घेतला नाही. मागच्या रविवारी येवल्याला जाऊन आले. दुकानात न जाता आधी एका विणकराच्या घरी बसले. खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसला होता आणि त्याची बायको शेजारी कांड्यांवर रेशमाचा धागा भरत होती. पदरावरचा एकेक मोर रंगीत रेशमाच्या वेगवेगळ्या धाग्यांनी हाताने गुंफतात, म्हणून दिवसभर बसूनही पदर थोडाच पुढे सरकतो. भारी पदर असला तर एका साडीला महिनोन्‌महिने जातात. त्याने मला पदर उलटा करून दाखवला. मागून पुढून नक्षी सारखीच, लोंबता धागा एकही नाही. मशिनच्या साडीला मागे धाग्यांचं जाळं असतं, तिथेच ती ओळखू येते. आपण येवल्यापासून इतक्या जवळ राहतो, तरी आपल्या घरात आजवर खरी पैठणी आली नाही. मी साधा नारळी काठ आणि लहान पदराची घेतली. रंग तुझ्या आवडीचा, वांगी. माझ्या पगारातून घेतली आहे आणि लग्नानंतर ती तुझ्याकडेच राहील. तुला नेसलेली मला बघायची आहे.

सोन्याचं थोडक्यात सांगते. तोळा लाखाच्या वर गेलाय. आपल्याकडून मंगळसूत्राची माहेरची वाटी आणि कानातले, एवढंच. एका सराफाने कच्च्या पावतीवर थोडं स्वस्त देतो म्हटलं, मी उठून दुसरीकडे गेले. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांचा क्रमांक असावाच लागतो, तो मोबाईलवर तपासता येतो. तो बघूनच घेतलं, पक्कं बिल ताईजवळ दिलंय. ते पेटीत ठेवा.

आता मुख्य गोष्ट.

अण्णा, बैठकीच्या दिवशी याद्या लिहिताना सिन्नरच्या मंडळींनी फारसं काही मागितलं नव्हतं. हुंडा नाही, गाडी नाही. त्यांचे काका फक्त म्हणाले, 'लग्न तेवढं चांगलं करून द्या.' आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, 'सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त या.' मी आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. अण्णा, तुमचे ते जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. बाजार समितीत भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याशी ताठ मानेने भांडणारा माणूस माझ्यासाठी वाकला होता, आणि वाकायला कुणी सांगितलंही नव्हतं.

2014 साली ताईचं लग्न होतं तेव्हा मी नववीत होते. त्या मार्चमध्ये गारपीट झाली. गावातल्या द्राक्षबागा आडव्या झाल्या, आपला कांदा रानातच झोडपला गेला. पण तारीख ठरलेली होती. ती पुढे ढकलू या, असं घरात कुणीच म्हणालं नाही. सोसायटीचं कर्ज, वर बाहेरचे पैसे. लग्न झाल्यावर आईच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. मी विचारलं तर 'काम करताना रुततात' म्हणालीस. ते कर्ज 2020 पर्यंत फिटत होतं. ताई, हे वाचताना थांबू नकोस. यात तुझा काही दोष नव्हता, हे तुला मी परवाही सांगितलं.

म्हणून मी आपणहून होणाऱ्या नवऱ्याशी बोलले. गंगापूर धरणाच्या रस्त्याला आम्ही बसलो होतो. पाटल्यांचंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'मग लग्न दोघांचं आहे तर खर्चही दोघांचा.' घरी त्यानेच विषय काढला. त्याच्या आईला आधी पटलं नाही, लोक म्हणतील मुलीकडच्यांना झेपलं नाही, असं त्यांना वाटलं. दोन दिवसांनी त्यांनीच मला फोन केला. म्हणाल्या, 'माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी बैलजोडी विकली होती.' पुढे काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

तर ठरलं ते असं. लॉन्स आणि जेवणावळ निम्मी-निम्मी. पाचशे पानं, त्यावर नाही. बँड नको, डीजे नको. हळद आपल्याच अंगणात, मांडवही तिथेच, आंब्याच्या डहाळ्यांचा. देवक तिथेच बसवायचं. माझ्या वाट्याला साधारण साडेतीन लाख येतात. चार वर्षांत अंबडच्या कंपनीत राहून मी तेवढे साठवले आहेत. पुढच्या आठवड्यात ते लोक पुन्हा याद्यांना येतील. अण्णा, तेव्हा ते निम्म्याचं बोलतील. कृपा करून नको म्हणू नका. त्यात तुमचा मान कमी होत नाही. माझा वाढतो.

आणि चाळ. ताई म्हणाली, तुम्ही लग्नासाठी सगळा कांदा या आठवड्यात लासलगावला काढणार आहात, शिवाय व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचीही बोलणी चालली आहेत. उचल घेतली की माल त्याच्याच पायावर टाकावा लागतो, हे मला तुम्हीच शिकवलं आहे. कांदा सडत असेल, कोंब फुटत असतील तर तो भाग जरूर काढा, ते शेतीचं गणित आहे आणि ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. पण तो माझ्या लग्नाची तारीख बघून काढू नका. भाव बघून काढा. त्याचे पैसे आले की आधी आईचे गुडघे दाखवायचे आहेत, मग रब्बीची लागवड.

गुडघ्यांवरून आठवलं. पहिली पत्रिका वणीला गडावर ठेवायची आहे. आई, मला पायऱ्या चढवणार नाहीत, असं तू आत्याला म्हणालीस म्हणे. पाचशे पायऱ्या चढायचं कारणच नाही. 2018 पासून तिथे ट्रॉली आहे, थेट मंदिराजवळ सोडते. आपण तिघंच जाऊ. देवीच्या पायावर पत्रिका तुम्ही दोघांनी ठेवायची, मी मागे उभी राहीन.

रात्री झोप लागत नाही हल्ली. सासरची भीती वाटते म्हणून नाही. मी गेल्यावर संध्याकाळी तुम्ही दोघंच ओट्यावर बसलेले असाल, अण्णा रेडिओ लावतील, आई भाजी निवडेल आणि रविवारी एसटीतून उतरणारं कुणी नसेल, ते चित्र येतं डोळ्यांसमोर. सिन्नरहून घर काही लांब नाही. मी येत राहीन, हे मी त्याला लग्न ठरायच्या आधीच सांगितलं आहे.

शनिवारी दुपारची पाळी संपली की शेवटच्या गाडीने निघते. तोवर चाळीचं दार लावलेलंच असू द्या. रविवारी पहाटे आपण मिळून कांदा निवडायला बसू. माझं जुनं पोलकं आणि डोक्याला बांधायचं फडकं आई, काढून ठेव.

तुमची
धाकटी