कॅल्शियमची गोळी आणि चार वाजताचं खाणं

सर्व सभासदांना नमस्कार,

वजन कमी करण्यासाठी केलेलं पोटाचं ऑपरेशन स्लीव्ह (जठर लहान करणं) असो वा बायपास (अन्नाचा मार्ग वळवणं), वजन उतरलं म्हणून कॅल्शियमची गोळी बंद करू नका. ती आयुष्यभराची आहे.

विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. ‘कॅल्शियम सायट्रेट’ हवं, ‘कॅल्शियम कार्बोनेट’ नको; कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि ऑपरेशननंतर पोटात ते कमी बनतं. 1000 मिग्रॅ सायट्रेटमध्ये खरं कॅल्शियम 210 मिग्रॅच्या आसपासच असतं, म्हणून ‘एलिमेंटल’ आकडा बघा. दिवसाला 1200 ते 1500 मिग्रॅ लागतं, पण एका वेळी 500-600 च्या वर नीट शोषलं जात नाही. तेव्हा विभागून घ्या, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

प्रथिनं रोज किमान 60 ग्रॅम. चार वाजता चहा-बिस्किटांऐवजी उकडलेलं अंडं (6 ग्रॅम), पनीरचे तुकडे किंवा जिरं-मीठ घातलेला चक्का खा. श्रीखंड मात्र नको, ऑपरेशननंतर साखरेनं घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. संकष्टीच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच; उपास धरायचाच असेल तर दही-पनीर ठेवा.

मुतखडा झालेला असेल किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल, तर डोस आणि वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.