माथेरानला मुलांना नेता, तर माथेरान सांगाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की मुंबई-ठाण्यातल्या शाळांच्या आणि क्लासेसच्या सहली माथेरानला निघतात. आमच्या सोसायटीतली सातवीतली एक मुलगी नुकतीच जाऊन आली. सहल नेणाऱ्यांनी पालकांना वाटलेला कागद तिने मला आणून दाखवला. इको पॉइंट, लॉर्ड्स पॉइंट, शार्लोट लेक, लुईझा पॉइंट, मग जेवण, मग घोड्याची फेरी, मग चिक्की आणि चपलांचा बाजार, साडेचारला दस्तुरी नाक्यावर, म्हणजे मोटारी जिथवर येतात तिथे, हजर. मी तिला विचारले, "भाई कोतवालांबद्दल कुणी काही सांगितलं का गं?" तिने कागदावरची यादी पुन्हा एकदा बोट फिरवून वाचली आणि म्हणाली, "हा कुठला पॉइंट, आजी?"

मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटले. मुलीचा यात काडीचाही दोष नाही. ज्या गावात तो माणूस जन्मला त्या गावात तिला दिवसभर फिरवले, पैसे घेतले, आणि त्याचे नावसुद्धा तिच्या कानावर घातले नाही.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. घर गरीब नाभिकाचे. माथेरानात साहेबलोक, पारशी शेठ, गुजराती पेढीवाले उन्हाळा काढायला येत, त्यांच्या सेवाचाकरीवर गावाचे पोट चाले. अशा घरातला मुलगा शिकून वकील झाला आणि नगरपालिकेत निवडून गेला. पुढे कर्जत-नेरळ पट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी त्यांनी गावोगाव शाळा काढल्या. सावकाराकडे धान्य काढायला जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभ्या केल्या. महायुद्धाच्या टंचाईत अडलेल्या माणसाला दारात धान्य मिळणे याचा अर्थ काय होता, हे त्या पट्ट्यातल्या जुन्या घरांत अजून सांगणारे सापडतील.

आणि मग १९४२. 'चले जाव'ची हाक आली, तसे भाई भूमिगत झाले. त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. या दस्त्याने काय केले, ते मुंबईच्या मुलांना तर आधी कळायला हवे, कारण त्याचा थेट संबंध मुंबईशी आहे. भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजघरांतली वीज मनोऱ्यांवरून मुंबईला येत असे. तिच्यावर आपल्या गिरण्या चालत. दस्त्यातल्या पोरांनी रानात रात्री-अपरात्री जाऊन ते लोखंडी मनोरे पाडले. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षिसे लावली, गावांच्या झडत्या घेतल्या. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंना तीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

दादरला प्लाझासमोर बसची वाट पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्या थांब्यावर लिहिलेले 'वीर कोतवाल उद्यान' म्हणजे हेच कोतवाल? रोज हजारो माणसे ते नाव उच्चारतात, कंडक्टरला सांगून तिकीट काढतात. तीच माणसे वर्षातून एकदा माथेरानला जाऊन येतात. या दोन गोष्टी एकमेकींना कधीच भेटत नाहीत, आणि त्या भेटाव्यात एवढ्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

पॅनोरमा पॉइंटवर मुलांना उभे केले तर पूर्वेला उल्हास नदीचे खोरे आणि त्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग दिसते. सिद्धगड त्याच रांगेला. शिक्षकाला वेगळा फळा लागत नाही. हे गाव, ते खोरे, तिकडे ती रांग, मनोरे या बाजूने मुंबईकडे जात, असे हात करून दाखवले की अख्खा धडा दहा मिनिटांत होतो. मी तो वर्गाला असाच सांगितलेला आहे आणि गोंगाट करणारी पोरे कशी गप्प होऊन ऐकतात, ते पाहिलेले आहे.

कुणी म्हणेल, मग पॉइंट्सची इंग्रजी नावे बदला. मला ते मान्य नाही. शार्लोट, लुईझा, अलेक्झांडर, गार्बेट ही नावेही माथेरानचा इतिहासच सांगतात. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावी मुक्कामाला असताना वन ट्री हिलच्या बाजूने हा डोंगर चढला, रामबागेच्या वाटेने उतरला, आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनच्या काळात इथे बंगले उभे राहू लागले. नावे राहू द्यात. पण मॅलेटने माथेरान 'शोधले' असे मुलांना सांगून थांबायचे, हे मात्र बरोबर नाही. ठाकर, कातकरी, धनगर यांच्या वाटा या डोंगरावर त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत. त्या वाटांनी खालच्या वाड्यांतल्या बाया आजही डोक्यावर ओझे घेऊन वर येतात, आणि एप्रिल-मेमध्ये पानांच्या द्रोणात करवंदे-जांभळे विकायला बसतात. शार्लोट लेकच्या काठावर पिसारनाथाचे देऊळ आहे. माथेरानचे ते ग्रामदैवत, स्वयंभू, शेंदूर लावलेले. सहलीची मुले तळ्याशी फोटो काढतात आणि देवळाच्या दारावरून तशीच पुढे जातात. दोन मिनिटे थांबून गावाचा देव कोणता, एवढे तरी सांगावे.

चौक पॉइंटवरून इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या उतारावरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. झोपेतली माणसे गेली, लेकरे गेली. तेव्हा मुंबईतल्या वर्तमानपत्रांची पहिली पाने कित्येक दिवस याच बातमीने भरली होती. तिथे उभे राहून सेल्फी काढणाऱ्या मुलाला, समोर बघ, ती वाडी तिथे होती, असे कुणी तरी सांगायला नको का? पावसाळ्यात डोंगर का सुटतात, जंगल कशाला राखायचे आणि माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र का ठरवले गेले, हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या जागेवर जास्त चांगले कळते.

गाडीचेही तसेच. नेरळ-माथेरानची छोटी गाडी मुलांना 'टॉय ट्रेन' म्हणून आवडते, आवडू दे. पण ती कुणी बांधली? मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये घातले आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०७ मध्ये ती पुरी करून दाखवली. दोन फुटी रूळ, विसास एक असा चढ, नेरळपासून सुमारे एकवीस किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही वाटेतली स्थानके. २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबई बुडवली तेव्हा हा मार्गही वाहून गेला होता. २०१९ च्या पावसात पुन्हा वाहून गेला आणि नेरळहून वर जाणारी गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दार्जिलिंग, निलगिरी, काल्का-सिमला या तिन्ही डोंगरी रेल्वे जागतिक वारशात आहेत. आपली माथेरानची अजून संभाव्य यादीतच आहे. मुंबईकराच्या पैशाने, मुंबईकराच्या जिद्दीने झालेली ही रेल्वे, तर तिच्यासाठी आवाज उठवायचा तो मुंबईनेच. त्याऐवजी आपल्या सहली रस्त्यानेच दस्तुरीपर्यंत जातात आणि मुलांना नेरळ स्टेशन दिसतसुद्धा नाही.

माथेरानचे सांगणारे माथेरानातच आहेत. एकदा माझे गुडघे फार दुखत असताना नाइलाजाने मी हातरिक्षात बसले होते. माणसाने माणसाला ओढायचे, याची मला आत कुठे तरी लाज वाटत होती. एक माणूस पुढे ओढत होता, मागून दोघे ढकलत होते. वाटेत चढावर दम घ्यायला थांबले तेव्हा पुढचे काका कपाळ पुसत म्हणाले, "बाई, वर बघा, हलू नका." जांभळाच्या फांद्यांच्या बेचक्यात वाळक्या पानांचा आणि काटक्यांचा मोठा गोळा होता. शेकरूचे घरटे. थोड्या वेळाने तपकिरी-तांबूस शेपूट खाली लोंबताना दिसले, मग शेकरू स्वतः. एक शेकरू अशी दोन-तीन घरटी करते, कुठली वापरते कुठली नाही, हे त्यांनी सांगितले. पुढे एका वळणावर, २००५ ला इथून पाणी कसे आले आणि कोणाची भिंत गेली, तेही दाखवले. हे सारे कोणत्या माहितीपत्रकात आहे?

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करा, असे सांगितले. ही अमानुष प्रथा संपते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. माझे म्हणणे इतकेच, की या माणसांना ई-रिक्षाच्या हँडलशी बसवून आपली जबाबदारी संपली असे कुणी समजू नये. त्यांच्यातल्या आणि घोडेवाल्यांतल्या ज्यांना इच्छा आहे त्यांना नगरपालिकेने आणि पर्यटन खात्याने दोन-चार आठवड्यांचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. कोतवालांची हकिकत, रेल्वेची हकिकत, झाडे, पक्षी, वाड्या हे सारे त्यात असावे. मग त्यांना ओळखपत्र द्यावे आणि दर ठरवून दस्तुरीला आणि स्टेशनवर मोठ्या अक्षरांत मराठीत लावावेत. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांची फसवणूक थांबावी म्हणून गावाने स्वतःच बंद पुकारला होता. आपल्या पाहुण्याची फसगत होऊ नये म्हणून दुकाने बंद ठेवणारे गाव हे काम आनंदाने करील, याची मला खात्री वाटते.

शाळांनाही माझी हात जोडून विनंती आहे. सहल डिसेंबर-जानेवारीतच न्यायची असेल, तर १ डिसेंबर किंवा २ जानेवारीच्या आसपासची तारीख धरा. वर्गाचे दोन-तीन गट करा, निदान एका बाजूचा तरी प्रवास लोकलने नेरळपर्यंत आणि तिथून छोट्या गाडीने करा. आरक्षण मिळणे अवघड आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच रेल्वेने थंडीच्या दिवसांत आठवड्यातले काही डबे शाळांसाठी राखून ठेवावेत, अशी मागणी मुख्याध्यापकांनी मिळून केली पाहिजे. एकट्या शाळेच्या अर्जाला कोण दाद देतो? सहा पॉइंट्सऐवजी तीन दाखवा. घोड्याची फेरी ज्यांना परवडते त्यांनीच करायची आणि बाकीच्यांनी धूळ खात उभे राहायचे, हा प्रकार तर पहिला बंद करा. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून त्या तांबड्या वाटेने चालत पिसारनाथापर्यंत जावे आणि वाटेत एखाद्या आजोबांना बोलते करावे.

सोसायटीतल्या त्या मुलीला मी कोतवालांची गोष्ट सांगितली. तिने विचारलेले काही प्रश्न असे होते: मनोरे पाडल्यावर मुंबईत अंधार झाला का? त्यांच्या आईचे काय झाले? दस्त्यात मुली होत्या का? वर्गात असे प्रश्न आले की शिक्षकाचे काम अर्धे झालेले असते. तिला हे प्रश्न माथेरानात पडायला हवे होते, जिथे उत्तरे ठाऊक असणारी माणसे अजून आहेत.

आपल्या दैनिकाचे वार्ताहर कर्जत आणि नेरळ भागात आहेत. शाळांच्या सहलींना माहिती सांगणारे स्थानिक लोक उपलब्ध करून द्यायला माथेरान नगरपालिका तयार आहे का, छोट्या गाडीत शाळांसाठी डबे राखून ठेवण्याबाबत मध्य रेल्वेचे म्हणणे काय आहे, आणि २ जानेवारीला माथेरानमध्ये व सिद्धगडावर यंदा कोणकोणते कार्यक्रम आहेत, हे त्यांनी विचारून सविस्तर छापावे, ही आपणास आग्रहाची विनंती. बातमी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली तर शाळांना अजून तारखा बदलता येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई