गिरणीवाल्या काकांना, चिपट्याच्या हिशेबाबद्दल

काका, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "जाऊ द्या हो ताई" म्हणून गिरणी सुरू करता आणि त्या घरघरीत पुढचं काही ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र, चारचौघांना वाचता येईल असं.

दिवाळीआधी मी आजीच्या भाजणीचं रडगाणं घेऊन तुमच्याकडे आले होते. चकलीच्या पाककृती पायलीला पन्नास मिळतात, पण आजीची एकच. तिच्या वहीत ती अशी: तांदूळ १ शेर, हरभऱ्याची डाळ १ मापटं (म्हणजे अर्धा शेर), उडदाची आणि मुगाची डाळ एकेक चिपटं, पोहे १ चिपटं, धणे १ कोळवं, जिरे मूठभर. देशात किलो-ग्रॅमची वजनं १९५८ पासून आली, आजीचा शेर मात्र वहीतून हलला नाही. मी शहाणपणा केला. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याचा चौथा हिस्सा चिपटं म्हणजे २३३, असा हिशेब लावून सगळं काट्यावर मोजलं. चकली काळपट झाली, धण्यांचा उग्र वास, आणि तेलात सोडली की वेटोळं सुटून तुकडे. सव्वादोन किलो भाजणी!

तुम्ही वही बघितलीत आणि म्हणालात, "हा शेर वजनी नाही ताई, कैली आहे, भांड्यात भरून मोजायचा. आजी काय तराजू घेऊन बसायच्या?" मग फळीवरून ते पितळी चिपटं काढलंत, खांद्यावरच्या पंच्यानं पुसलंत, तांदूळ भरलेत आणि वरून बोट फिरवून शीग पाडलीत. काट्यावर २३५ ग्रॅम. माझा हिशेब बरोबर निघाला म्हणून मी जरा ताठ झाले, तर तुम्ही काही न बोलता त्याच चिपट्यात पोहे भरलेत. ९०. मग अर्धं चिपटं धणे, म्हणजे कोळवं: ४८. मी घातले होते ११७.

तांदूळ-डाळींमध्ये माझी चूक लपून बसली होती, कारण त्यांचं चिपटं वजनी पाव शेराच्या जवळपासच पडतं. पोह्या-धण्यांनी ती चव्हाट्यावर आणली.

माझी पुढची शंका होती, गावागणिक मापं वेगळी, मग आजीचं चिपटं एवढंच कशावरून? "सगळं एकाच मापानं मोजलंय ना? मग माप लहान असो की मोठं, भाजणी तीच," हे तुमचं उत्तर. तरी हौस म्हणून तुम्ही चिपट्यात पाणी भरून तोललंत. २९० ग्रॅम, म्हणजे तेवढेच मिलिलिटर. घरातल्या कुठल्याही वाटीचं माप असं काढता येतं, हे मला शाळेत शिकवलंही असेल, पण कळलं तुमच्या गिरणीत, रांगेत चार जणी खोळंबलेल्या असताना. (त्यांचीही माफी मागते.)

तेव्हापासून मी दिसेल ते तोलत सुटले आहे. आमच्या २०० मिलीच्या आमटीच्या वाटीत चाळलेलं बेसन अलगद भरलं तर ८० ग्रॅम, ठोकून भरलं तर ११५. लाडू कधी बसके, कधी कोरडे का होतात, ते सासूबाईंना दाखवलं. त्यांना फारसं रुचलं नाही. मेलबर्नच्या मावसबहिणीनं भाजणी कपात मागितली होती. तिचा कप २५० मिलीचा, माझा २४०चा. तिला सरळ ग्रॅम पाठवले.

सोबत चकल्यांचा डबा आहे. या खेपेचे काटे बघा. डबा लगेच परत नको, पुढच्या आठवड्यात मीच येते आहे. वहीत अनारशांच्या पानावर "खसखस १ निळवं" लिहिलंय, म्हणजे कोळव्याच्याही निम्मं माप.

तुमची,
भाजणीवाली ताई