चिप बदलली, तर कार्डावर तसं लिहा

संपादक महाशय,

सावद्यात मी ठिबक ऑटोमेशनच्या कंट्रोलरची, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह आपोआप उघडबंद करणाऱ्या यंत्राची, इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. मे महिन्यात आमच्याकडे केळीची कांदेबाग निसवणीला असते, म्हणजे घड बाहेर पडत असतात, पारा ४५ अंशांना टेकतो आणि शेतीची थ्री फेज लाइट बऱ्याचदा रात्रपाळीची. शेतकरी व्हॉल्व्ह कंट्रोलरच्या भरवशावर सोडून झोपतो. मध्यरात्री कार्ड बसलं, तर पाण्याची पाळी गेलीच.

गेल्या उन्हाळ्यात असंच एक कार्ड आलं. सर्व्हिस सेंटरमधून फ्लॅश आयसी, म्हणजे प्रोग्रॅम साठवणारी चिप, बदलून आणलेलं. टेबलावर कितीही वेळा बंद-चालू करा, लगेच सुरू. शेतात मात्र रात्री बंद पडायचं आणि सकाळी स्विच मारला की पुन्हा चालू. व्होल्टेजला दोष देऊन झाला, वायरिंग बदलून झालं. शेवटी 'कार्ड गेलं, नवीन घ्या' असं उत्तर मिळालं.

कार्ड सुरू होताना काय करतं ते संगणकावर दिसावं म्हणून मी सीरियल केबल लावली, ३.३ व्होल्टची. वीज देऊन सुरू केलं की स्क्रीनवर ओळी धावतात. वीज न तोडता नुसता रीसेट दिला की एक अक्षर येत नाही. मग आयसीवरचा नंबर पाहिला. मूळ चिप १२८ मेगाबिटची, म्हणजे १६ एमबी. बसवलेली २५६ ची. चिपमधली जागा सांगायला १६ एमबीपर्यंत तीन बाइटचा पत्ता पुरतो, त्यापुढे चार लागतात. कार्डावरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने मोठी चिप ओळखली आणि तिला चार बाइटच्या मोडमध्ये टाकलं. मोटरच्या झटक्याने प्रोग्रॅम अडकला की त्यावर पहारा ठेवणारं वॉचडॉग सर्किट प्रोसेसरला रीसेट करतं, पण फ्लॅशची वीज जात नाही. ती चार बाइटच्याच मोडमध्ये राहते. प्रोसेसर जागा होऊन तीन बाइटचा पत्ता देतो, हाती भलताच डेटा येतो आणि गाडी तिथेच अडते. १६ एमबीची चिप बसवली, त्रास संपला. कार्ड चांगलंच होतं!

रॅम बदलली तरी हीच गत. रॅमचं टायमिंग बूटलोडरच्या, म्हणजे कार्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, अगदी पहिल्या टप्प्यात ठरवलेलं असतं. चिप निराळी आणि टायमिंग जुनं, मग कार्ड मुकं.

चिप मिळत नाही म्हणून कंपन्या पर्यायी चिप बसवतात, २०२१ च्या टंचाईत तर सर्रास बसवल्या. त्याला माझी हरकत नाही. पण बदल केला की कार्डावर नवा रिव्हिजन नंबर छापा आणि त्याला जुळणारा बूटलोडर दुरुस्ती करणाऱ्यांना द्या. पुष्कळ कार्डांत यू-बूट नावाचा बूटलोडर असतो. त्याचं लायसन्स जीपीएल हे खुल्या सॉफ्टवेअरचं आहे, म्हणजे कार्ड विकणाऱ्याने मागेल त्या ग्राहकाला त्याचा सोर्स कोड देणं बंधनकारकच आहे. शिवाय सीरियल केबलच्या पिनांवर इपॉक्सी (कडक होणारा गोंद) ओतू नका. तेवढी एक खिडकी आम्हाला असते, तीही बुजवली जाते याचा फार संताप येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती उपकरणं तिच्या यादीत होती. ठिबकचे कंट्रोलर त्यात स्पष्टपणे धरावेत, एवढी मागणी आहे.

तोवर शेतकरी बांधवांनी आयसी बदललेलं कार्ड ताब्यात घेताना वीज चालू ठेवून रीसेट द्यायला सांगावं, आणि कार्ड पुन्हा उठलं तरच पैसे द्यावेत.

— एक कार्ड दुरुस्ती कारागीर, सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)