सातबाऱ्याच्या पिशवीत संकेतस्थळाचाही कागद ठेवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

यंदा शिमग्याला गावच्या पोरांनी मला विचारले, "आत्या, पालखी पूर्वी कुठल्या वाटेने खाली यायची ते काकांनी इंटरनेटवर लिहिले होते ना? आता कुठे दिसेल?" मी पत्ता सांगितला. मोबाईलवर जुगाराची जाहिरात उघडली. पालखी समोर सहाणेवर टेकलेली होती. पोराने घाईघाईने मोबाईल खिशात घातला.

ते संकेतस्थळ माझ्या धाकट्या भावाचे. नोकरी डोंबिवलीला, पण जीव सगळा गुहागर तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात. २००४ पासून दर गणपतीत आला की वही घेऊन वाडीवाडीत फिरायचा. कुठल्या विहिरीचे पाणी कधी आटते, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ कशी काढतात, पालखीचे मान कुणाकुणाचे, सगळे लिहून घ्यायचा. खारवीवाडीतल्या दोन आजोबांबरोबर होडीतून जाऊन त्याने खाडीच्या तोंडाशी असलेल्या सतरा खडकांची नावे उतरवली. भरतीला हे खडक पाण्याखाली जातात. ज्याला नाव ठाऊक त्याला जागा ठाऊक, आणि त्याचीच होडी सुखरूप आत येते.

२०१७ साली भाऊ गेला. डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, नूतनीकरण करा, अशी आठवण देणारे मेल त्याच्याच खात्यावर येत राहिले असणार. पासवर्ड वहिनीलाही माहीत नव्हता. वर्षाला भरायची रक्कम किरकोळ होती, पण ती भरायची असते हेच आम्हां कुणाला ठाऊक नव्हते. मुदत संपली आणि ते नाव दुसऱ्या कुणीतरी घेतले.

भाच्याने मग 'वेबॅक मशीन' दाखवले. सॅन फ्रान्सिस्कोची 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती काढून ठेवते आणि २००१ पासून त्या कुणालाही फुकट पाहता येतात. भावाच्या चाळीसेक पानांपैकी चौदा तिथे निघाली. मला रडू आले. पण उघडल्यावर अक्षर लागेना. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवलेली असत. तो फॉन्ट संगणकात नसेल, तर नुसता रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो. चिपळूणला एका छापखान्यात लग्नपत्रिकांसाठी तोच फॉन्ट अजून वापरतात. त्यांनी मजकूर त्यात टाकला आणि ओळीमागून ओळ मराठी झाली. तो युनिकोडमध्ये आणताना पुन्हा गोंधळ झाला: रफार भलत्याच अक्षरावर गेले, ऱ्हस्व वेलांट्या एक घर सरकल्या. पाच पाने मी हाताने दुरुस्त केली आहेत, नऊ बाकी आहेत.

खडकांचे पान त्या चौदांत आहे. त्यावर लिहिले आहे, "नावे वरील नकाशात पाहावीत." वर रिकामी चौकट. मजकुराची प्रत निघाली, चित्राची निघाली नाही. दोन्ही आजोबा आता हयात नाहीत. मला नऊ नावे आठवतात.

हे एकट्या आमच्या घराचे रडगाणे नाही. २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवून दिले. लोकांनी घरगुती पानांनी भरलेले 'जिओसिटीज' २००९ मध्ये मिटले, 'ऑर्कुट' हे समाजमाध्यम २०१४ मध्ये. आणि परदेशातल्या एकाच संस्थेवर सगळा भार टाकून आपण स्वस्थ बसणे बरे नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला तेव्हा वेबॅक मशीन काही दिवस बंद होते.

मी अठ्ठावीस वर्षे ग्रंथालयात काम केले. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. संकेतस्थळांसाठी आपल्याकडे अशी सोय नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये नियम करून आपल्या ग्रंथालयांना देशातली संकेतस्थळे जतन करण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो. प्रत्येक तालुक्यातल्या 'अ' वर्ग वाचनालयाने एक वही आजच घालावी. तालुक्यातली मंडळे, देवस्थाने, शाळा, नमन-जाखडीचे संच, ज्यांची म्हणून पाने आहेत त्यांचे पत्ते त्यात लिहावेत. वर्षातून दोनदा वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज नाऊ' या पानाची प्रत काढून ठेवणाऱ्या सोयीत एकेक पत्ता टाकावा, चित्रे आणि नकाशे वेगळे उतरवून घ्यावेत. एक प्रत वाचनालयात आणि एक घाटावर असावी. २०२१ च्या पुरात चिपळूणकरांनी काय काय गमावले ते आपण पाहिले आहे.

आणि घरोघरी एवढे करा: सातबारा, घरपट्टीच्या पावत्या ज्या पिशवीत असतात, तिच्यात डोमेन कुठून घेतले, मुदत कधी संपते आणि खाते कसे उघडायचे, हे लिहिलेला एक कागद ठेवा.

एक विनंती माझ्यासाठीही. भावाने तो नकाशा छापून एका गणपतीत गावच्या चाकरमान्यांना वाटला होता. डोंबिवली, ठाणे, विरार, कुणाच्याही घरी कॅलेंडरमागे किंवा आरत्यांच्या पुस्तकात घडी करून ठेवलेला असेल, तर उजेडात धरून त्याचा फोटो काढून पाठवा. माझा पत्ता संपादकांकडे आहे.

— एक निवृत्त ग्रंथपाल, गुहागर