शाखेला पाठवलेल्या मालाला रकाना द्या

संपादक महोदय,

कंपन्यांना आयकर रिटर्न भरायला एवढे महिने कशाला लागतात, सगळं तर कॉम्प्युटरवर असतं, असं हल्ली कोणीही बोलून जातं. एकच युनिट असेल तर ठीक आहे हो, पण कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्री आणि बेळगावला मशीन शॉप असेल तर? पॅन एक म्हणून आयटीआर-६, म्हणजे कंपनीचा आयकर रिटर्न, एकच, राज्यं दोन म्हणून जीएसटी नंबर दोन, आणि खरी डोकेदुखी इथेच.

समजा शिरोलीहून १० लाखांचं कास्टिंग बेळगावला गेलं. मालक तोच, गिऱ्हाईक कोणीच नाही, पण जीएसटीच्या लेखी ही दोन वेगळी माणसं, त्यामुळे इनव्हॉइस फाडायचा, १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लावायचा, बेळगावने त्या कराचं क्रेडिट घ्यायचं. पुढे तोच माल मशिनिंग करून १४ लाखांना विकला, तर जीएसटीत उलाढाल दिसणार २४ लाख आणि आपल्या नफातोटा पत्रकात विक्री १४ लाखच, आणि दोन्ही बरोबर! हा जीएसटीचा आकडा तिकडे आयकर विभागाच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकातही जाऊन बसतो. आता आयटीआर-६ मधलं जीएसटीचं शेड्यूल बघा, जीएसटी नंबर आणि त्यासमोर वर्षाची रक्कम, बस. त्यातलं किती घरातल्या घरात फिरलं हे लिहायला जागाच नाही, मग फरक का म्हणून विचारणा आली की वर्षभराचे स्टॉक ट्रान्सफर उकरत बसा.

टीडीएसचंही तसंच, गिऱ्हाईक पैसे देताना कर पॅनवर कापतो, २६एएस या कापलेल्या कराच्या पत्रकात सगळं एकाच ढिगात येतं, कुठल्या युनिटच्या बिलाचा ते लेजर जुळवून आपणच शोधायचं. त्यात आता छोट्या उद्योगांचं पेमेंट, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही तर तो खर्च दिला त्या वर्षीच धरतात, आणि एकाच सप्लायरची बिलं दोन्हीकडे पडलेली.

मुदतवाढ मिळते, नाही असं नाही. २०२५ मध्ये ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबरची तारीख आधी ३१ ऑक्टोबर, मग १० नोव्हेंबर झाली आणि रिटर्नची १० डिसेंबर. पण तारखा ढकलून हा फरक मिटत नाही, त्याच शेड्यूलमध्ये 'स्वतःच्याच दुसऱ्या युनिटला पाठवलेला माल' असा एक रकाना घातला तर मिटेल. आयकर विभागाने एवढं तरी करावं.

– एक अकाउंटंट, कोल्हापूर